सुपाचा ट्रॅक्टर

मोहने गावात कारखान्याच्या कामगारांसाठी चाळी बांधायच्या होत्या आणि जागा निघाली खोलगट. शेजारची मुरमाची टेकडी फोडून ती भरायची, असं काम आमच्या कंत्राटदाराने घेतलेलं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा. नौपाड्यात राहायचो आणि त्याचा ट्रक चालवायचो. एके सकाळी त्याने मला कुठल्याशा लिलावातून आणलेला जुना ट्रॅक्टर दाखवला. पुढे दोन लोखंडी हात आणि त्यांच्या टोकाला पत्र्याचं भलंमोठं खोरं.

"शेठ, हे मला येत नाही," मी म्हणालो.

"ट्रक येतो ना? मग हेही येईल. चार चाकंच आहेत."

टेकडीवर आधीपासून सोलापूरकडच्या वीसेक जणांची टोळी कुदळ-फावड्याने खणत होती. त्यांची मुकादम एक बाई होती. पन्नाशीची, काटक, लुगड्याचा काचा घट्ट मारलेली. सगळे तिला मावशी म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागलो. ट्रॅक्टर आला तशी टोळीची फावडी थांबली. आता आपल्याला घरी पाठवणार, हे त्यांना कळलंच असणार. मावशीने जवळ येऊन खोऱ्यावरून हात फिरवला.

"सूपच की रं हे," ती म्हणाली. तेव्हापासून सगळेच त्याला सूप म्हणू लागले.

दोन दांडे होते. एकाने सूप वर-खाली व्हायचं, दुसऱ्याने कलंडायचं. पहिलं सूप भरलं आणि ऐटीत पार डोक्याच्या वर नेलं. तसाच उतारावर वळलो, तर मागचं उजवं चाक जमिनीवरून उचललं गेलं. मी श्वास रोखून सूप हळूहळू खाली आणलं. चाक धप्पकन टेकलं.

मावशी घमेलं ठेवून आली. "आरं, डोईवर पाटी आसली की आमी बी पळत वळत न्हाई. तू तर हात वर करून पळतुयास. वजन खाली धर."

मी सूप जमिनीपासून वीतभर वर ठेवून चालवू लागलो. दुसऱ्या दिवशी तिच्या माणसांनी ट्रॅक्टरच्या मागे एक खोकं बांधून त्यात दगड भरले. पुढे वजन, मागे वजन. गाडी एकदम शहाण्यासारखी चालायला लागली.

तिथेच माझं डोकं फिरलं. टोळीला दिवस लागायचा तेवढं मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत उरकत होतो. टेकडी खालून कोरली की वरचा मुरूम आपोआप सुपात घसरायचा, म्हणून मी खालूनच कोरत राहिलो. मावशीने दोनदा सांगितलं, "प्वाट पोकळ करू नगंस. आधी वरनं पाडून घिऊ."

"तुम्ही फावड्याचं बघा, मावशी. यंत्राचं मी बघतो."

हे वाक्य आठवलं की अजून स्वतःचा राग येतो.

आठवडाभराने एका सकाळी ती टेकडीवर चढली. काठाच्या मागे तिला बोटभर रुंद भेग दिसली. खाली येऊन तिने टोळीला दूर केलं आणि थेट माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"उतर."

"एवढं सूप भरतो आणि उतरतो."

"उतर म्हणते न्हवं."

ती हलेना. मी वैतागून इंजिन बंद केलं आणि तिच्यामागून चालू लागलो. वीस पावलं गेलो असू. मागे तांदळाचं पोतं ओतावं तसा आवाज झाला. वळून पाहिलं तर ट्रॅक्टरच्या जागी लाल ढीग, आणि ढिगातून वर आलेलं स्टिअरिंग.

मावशीने आधी दोघांना वर पाठवून लोंबकळणारा काठ पहारींनी पाडून घेतला. मग पदर खोचला आणि बायकांना म्हणाली, "चला गं."

दुपारपर्यंत त्यांनी फावड्यांनी ट्रॅक्टर उकरून काढला. मीही एक फावडं घेतलं. एक तरुण बाई म्हणाली, "ड्रायव्हर, फावडं असं न्हाई धरत." सगळ्या हसल्या, मीही हसलो. सुपाचा एक हात जरासा वाकला होता. चौथ्या खेपेला इंजिन सुरू झालं.

संध्याकाळी कंत्राटदाराला मी सगळं खरं सांगितलं. चूक माझीच होती, आणि ही टोळी नसती तर मी त्या ढिगाखाली असतो, हेही सांगितलं. तो त्याच आठवड्यात त्यांना काढणार होता. मग ठरलं, टोळीने वरून पाडायचं, मी खालून उचलायचं, आणि कोपरे-सपाटी त्यांनीच करायची. काम संपेपर्यंत ती माणसं राहिली.

शेवटच्या दिवसांत एकदा मावशी म्हणाली, "मला बसू दे की त्यावर."

मी बाजूला उभा राहून दांडे दाखवले. पहिल्या खेपेला सूप रिकामंच वर आलं. दुसऱ्या खेपेला तिने ते काठोकाठ भरलं; तसं मला पहिल्या तीन दिवसांत जमलं नव्हतं. खाली टोळी कामं सोडून बघत होती. मावशीने मुरूम खड्ड्यात ओतला, थोडा वेळ तिथेच बसून राहिली, मग काचा सावरत उतरली.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"ब्येस हाय," ती म्हणाली. "पर बसून बसून मला झोप यील."

चारच दिवसांनी टोळी अंबरनाथकडे रस्त्याच्या कामाला गेली.