तळ्याकडची भिंत

काटकोन हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खाणीच्या आवारात तो सुतार होता, आणि त्याने केलेल्या चौकटीच्या कोपऱ्याला गुण्या लावून चूक शोधायला जाणाऱ्याचीच फजिती व्हायची, म्हणून पडलेलं नाव. माणूसही तसाच, मोडेल पण वाकणार नाही असला. त्याच्याशी वाद घालून जिंकणारं साऱ्या वस्तीत एकच माणूस होतं, ते म्हणजे त्याची बायको. तीही रोज जिंकायची असं नाही.

खाण बंद होऊन पंधरा वर्षं झाली. पंप थांबले, खालून पाणी चढत गेलं आणि एवढ्या थोरल्या खड्ड्याचं तळं झालं. आणि तळं तरी कसलं हो! सकाळी हिरवं, दुपारी निळं, आणि संध्याकाळी असं काही की बघणारा बोलायचं विसरतो. लांबलांबची माणसं तिथे तंबू ठोकून राहायला लागली. मग ठरलं, की जुन्या कामगारांनीही हवी तर काठावर लाकडी खोली बांधावी. बाकीचे विचार करत बसले. काटकोनाने दुसऱ्या दिवशी खुंट्या ठोकल्या.

घाई उगीच नव्हती. बायको जिन्यावरून पडली होती, खुब्याचं हाड मोडलं होतं. चार महिने ती पलंगाला खिळून. डॉक्टर म्हणाले, "हाड जुळलंय, पण यांनी मनच सोडलंय. त्याला माझ्याकडे औषध नाही." जेवायला वाढावं तर दोन घास, बोलायला जावं तर हं आणि बरं. जी बाई शेजारणीच्या मांजरालाही दोन शब्द सुनवल्याशिवाय सोडत नसे, ती गप्प झाली. काटकोन हादरला. एके दिवशी त्याने विचारलं, "कुठे जावंसं वाटतं का तुला?"

ती छताकडे बघतच म्हणाली, "तळ्यावर. दोन दिवस. पण खुर्चीत घालून मिरवू नका मला. पलंगावर पडल्या पडल्या दिसलं पाहिजे."

चार महिन्यांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट. ही जमली तर आपलं माणूस परत येईल, असं काटकोनाने मनाशी धरलं. नाही जमली तर काय, तिथपर्यंत त्याने विचार जाऊच दिला नाही.

मग तिच्या पलंगाशेजारीच फरशीवर खडूने खोली आखली गेली.

"अहो, दार एवढंच? मला काय उभी करून आत सरकवणार?"

"अगं, रेघ जाड आलीय."

"मग रेघ बारीक काढा. माझ्याच्याने बारीक होणं नाही आता."

तो हसला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिला दिसू नये म्हणून तो उगाच खडू शोधत बसला, हातात असलेला.

रोज दुपारी तो त्या रेघांच्या मधोमध बसायचा आणि बसल्या बसल्या कुठल्या कुठे जायचा. छतावर पाण्याची सावली हलतेय. ती उशीला टेकून बघतेय. वारा आत येतोय, बाहेर जातोय, त्याला कुणाचीच आडकाठी नाही. लेक येऊन म्हणायची, "बाबा, चहा गार झाला." तेव्हा हा फरशीवर परत यायचा.

काठावर तीन भिंती उभ्या राहिल्या. पलंग ठोकून झाला तसा तो स्वतःच त्यावर आडवा झाला, तिच्या डोक्याच्या जागी डोकं ठेवून. पायांच्या पलीकडे सगळं तळंच तळं. ढग पाण्यात उतरले होते आणि खालून वर बघत होते. खोली हलके हलके निघालीय, आपण दोघं तिच्यात बसून कुठेतरी चाललोय, असं वाटता वाटता त्याचा डोळा लागला. जाग आली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. "बस्स, अगदी असंच," तो स्वतःशीच म्हणाला. मग दोन दिवसांनी त्याने चौथी भिंत घातली. उत्तम फळ्या, फटीत पातं जाणार नाही.

आणि तो दिवस आला. लेकीने गाडी अगदी दारापर्यंत आणली. दोघांनी मिळून तिला पलंगावर निजवलं. तिने एक खिडकी पाहिली, तिच्यात रस्ता. दुसरी पाहिली, तिच्यात झाड. तिसरीत टेकाड.

"छान झालीय," ती म्हणाली. "तळं कुठाय?"

काटकोनाने ऐटीत पायाकडच्या भिंतीकडे हात केला. "हे काय, समोर..."

हात तसाच राहिला. समोर फळ्या होत्या.

लेक आधी हसली, मग आईचा चेहरा बघून गप्प झाली. सामान आत आणताना तिलाही काही खटकलं नव्हतं. वस्तीतले दहाजण खोली बघून वाहवा करून गेले होते, त्यांतल्या एकालाही नाही. खटकणार कसं? वस्तीत कुठल्याही घराला खाणीच्या बाजूने खिडकी नव्हती. दुपारी एकचा भोंगा झाला की सुरुंग उडायचे, दगड पार अंगणापर्यंत यायचे. एखाद्याची अक्कल काढायची तर म्हणत, "याच्या घराला खाणीकडे खिडकी आहे." आता खाण नाही, सुरुंग नाहीत, पण हात तेच.

बायकोने मान फिरवली. काटकोन पलंगापाशी खाली बसला.

"पलंग बाहेर घेऊ?"

"नको."

"चुकलो गं. जन्मभर तुझ्या आणि त्या खड्ड्याच्या मध्ये भिंत घातली मी. खिडकी ठेवायचं हातांना सुचलंच नाही."

"माहीत आहे मला ती भिंत," ती एकदम म्हणाली. "भोंगा झाला की तिच्याकडे तोंड करून उभी राहायचे मी. धडाका ऐकू यायचा. तुम्ही खाली कुठे असाल, काय करत असाल, काही दिसायचं नाही. तीस वर्षं मी भिंतच बघितली. पाण्याचं काय कौतुक मला, पाणी नळालाही येतं. तुम्ही रोज जायचात कुठे, ते बघायचं होतं."

"मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

"विचारलंत कधी?"

तो उठला, गाडीतून गिरमिट आणि करवत घेऊन आला. "सांग, कुठून कापू?"

"खाली. अजून खाली. अहो, मी आडवी आहे!"

भोक पडलं, करवत चालली, भुसा उडाला. शेवटी फळ्यांचा तुकडा बाहेर कोसळला आणि तळं आत आलं. ती कोपरावर उठली, कुणाच्या आधाराशिवाय. लेकीने तोंडावर हात धरला.

"कुठे असायचात?"

काटकोनाने तिच्या डोक्याजवळ डोकं नेलं. "तो पांढरा दगड दिसतो? त्याच्या सरळ खाली. शिड्या दुरुस्त करायच्या, फळ्या बदलायच्या."

"आणि एक वाजता?"

"एक वाजता त्या उजवीकडच्या कड्याच्या आडोशाला. सगळेच. भोंग्याच्या आधीच तिथे जायचो. तिथे दगडच काय, खडाही येत नसे."

"मग काय करायचात तिथे?"

"काय करणार? डबा खायचो."

तिने त्याच्याकडे असं बघितलं, जसं काही नवीनच माणूस शेजारी येऊन बसलंय. "डबा? मी तिकडे देवाला हात जोडून उभी, आणि तुम्ही डबा खात होतात?"

ती हसायला लागली. चार महिन्यांचं साचलेलं सगळं हसू बाहेर आलं, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते तिचं तिलाही कळलं नाही. काटकोनाने तिचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला.

"एकदा सांगायचं ना हो," ती म्हणाली. "मीही तेव्हाच जेवायला बसले असते."