शैलावहिनी आणि टॅपेटचा आवाज

दादाचा फोन आला तेव्हा मी डब्यात पोळ्या भरत होते. त्या दिवशी दुपारी हॉस्पिटलमध्ये बसायची पाळी माझी होती. "माधुरी, डबा आणू नकोस," एवढंच तो म्हणाला. मी वेड्यासारखं विचारलं, "का रे? बाहेरून मागवलंस का काही?" पलीकडून नुसता श्वास ऐकू येत राहिला... आणि मग मला कळलं. हातातली पोळी मी डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि तो भरलेला डबा घेऊनच रिक्षात बसले. तो का घेतला, ते अजून मला सांगता येणार नाही.

शैलावहिनी जाऊन आता सहा आठवडे झाले. भेटायला आलेल्यांनी ती किती सोशीक होती, किती शांत होती, असं पुष्कळ सांगितलं. मी मान डोलावत होते, पण मनात म्हणत होते, ही माणसं कुणाबद्दल बोलताहेत? माझी वहिनी सोशीक नव्हती. कसब्यातल्या तांबटांच्या घरात ती वाढली. पहाटेपासून पातेल्यांवर ठोके पडायचे आणि कुठला ठोका भरीव लागला, कुठला पोकळ, हे अभ्यास करता करता तिला कळायचं. पुढे एका कारखान्यात ती तपासणी विभागात लागली. केसाच्या जाडीचा फरक असला तरी ती माल परत पाठवायची. दादा तिथेच टूलरूममध्ये होता. त्याने केलेला एक भाग तिने तीनदा परत पाठवला आणि चौथ्या वेळी तो स्वतः घेऊन गेला, अशी त्यांच्या लग्नाची गोष्ट. मी कसबा पेठेतल्या एका शाळेत शिकवत होते. यंत्रातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. जे काही कळतं, ते तिच्यामुळे.

निवृत्त झाल्यावर दादाने एक जुनी छोटी गाडी घेतली, मागची सीट काढली, आत लोखंडी पिंजरा बसवला आणि सासवडच्या पुढे एका माळावर हौशी लोकांच्या शर्यती होतात त्यात उतरायला लागला. गाडी धायरीला त्यांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये असे. चालवायचा दादा, पण इंजिन वहिनीच्या ताब्यात. त्या इंजिनाला एक खोड होती. टॅपेट वाजायचे. वहिनीने मला एकदा ओट्याशी उभं राहून समजावलं होतं, "इंजिनाच्या झडपा उघडायच्या तर मध्ये एक छोटा दट्ट्या असतो, तो टॅपेट. आपल्या गाडीत त्याच्या पोटात तेल भरतं. तेल भरलेलं असलं की तो गप्प. तेल पोचलं नाही की टिकटिक करायला लागतो." मी म्हटलं, "म्हणजे भूक लागली की रडतो." ती म्हणाली, "बालवाडीच्या बाईंना असंच समजणार." मी माध्यमिकला शिकवत होते हे तिला चांगलं माहीत होतं.

पहिल्या वर्षी, शर्यतीच्या सकाळीच टॅपेट वाजायला लागले. गाडी गरम झाली तरी थांबेनात. दादा म्हणाला, जुन्या गाड्या वाजतातच, आजूबाजूच्या सगळ्यांच्या वाजताहेत. वहिनी म्हणाली, आज गाडी उतरणार नाही. चार लोकांदेखत तिने किल्ली काढून पर्समध्ये टाकली. पुढच्या रविवारी इंजिन उघडलं, तर आत सगळं स्वच्छ. एका टॅपेटमध्ये जुन्या तेलाची चिकट साय अडकली होती, तेवढंच. तिने तो बाहेर काढून अंगठ्याने दाबला, तो स्पंजासारखा आत गेला. डिझेलमध्ये धुतला, तेलात बुडवून ठेवला, परत बसवला, आवाज गेला. गाडी त्या दिवशी खुशाल पळाली असती. पुढच्या खेपेला दादा माळावर चहाच्या टपरीपाशी मित्रांना म्हणाला, "आमच्याकडे टॅपेट नुसता खोकला तरी शर्यत रद्द होते." सगळे हसले. वहिनी मागेच उभी होती. तिने कप खाली ठेवला आणि गाडीकडे निघून गेली.

म्हणूनच, त्यानंतरच्या वर्षी जे झालं ते मला विसरता येत नाही. सकाळी सरावाच्या फेऱ्या होत्या आणि दुपारी शेवटची शर्यत. त्या वर्षी पहिल्यांदाच दादा शेवटच्या आठांत पोचला होता. मी आणि वहिनी दोरीच्या अलीकडे उभ्या होतो. माळाच्या टोकाला एक लांबलचक उजवं वळण होतं. दादा त्या वळणातून बाहेर आला आणि वहिनीने माझं मनगट धरलं. "ऐकलंस?" मला धुळीशिवाय काही कळलं नव्हतं. पुढच्या फेरीला मी कान देऊन ऐकलं. वळण संपतानाच बारीक टिकटिकटिक, तीन-चार सेकंद... मग बंद. बाकी सगळ्या रस्त्यावर इंजिन गुळगुळीत.

दादा थांबल्यावर ती म्हणाली, "उजव्या वळणाबाहेर पडताना वाजतायत."

"कसला आवाज? काही आवाज नाही."

"श्रीकांत, फक्त त्याच वळणाला. टॅपेट बिघडला असता तर सगळीकडे वाजला असता. तेल एका बाजूला जातंय. खालून पंपाला मिळत नाहीये."

"परत सुरू झालं का तुझं?" तो मोठ्याने म्हणाला. शेजारच्या गाडीची माणसं वळून बघायला लागली. "मागच्या वेळी काय निघालं होतं? साय." मग त्या माणसांकडे वळून, "अहो, दुधावर येते ती साय!"

वहिनीचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता ही गप्प बसणार. मागच्या वेळचं चुकणं तिला किती लागलं होतं ते मी पाहिलं होतं. पण ती म्हणाली, "सरावाची एक फेरी शिल्लक आहे ना? मी शेजारी बसते. काटा हलला नाही तर तुझं खरं. पुन्हा या इंजिनाबद्दल तोंड उघडणार नाही." तेलाच्या दाबाचा काटा तिच्या बाजूला होता आणि वळणात दादाला तिकडे बघता येत नसे. तिने साडीचा पदर खोचून कुणाचं तरी जाकीट चढवलं, हेल्मेट घातलं. पट्टा तिने दोनदा आवळला. गाडीच्या वेगाला ती घाबरायची, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. सिंहगडाच्या घाटातसुद्धा ती डोळे मिटून बसायची.

त्या फेरीत आणखी तीन गाड्या होत्या. पहिली दोन वळणं झाली. मी दोरी दोन्ही हातांनी धरली होती. गाडी त्या लांब वळणात शिरली, मागचा भाग बाहेर सरकला, धूळ उठली आणि इंजिनाचा आवाज एकदम तुटला. मागून येणाऱ्या गाडीचा हॉर्न, कुणीतरी ओरडलं, मग चाकं घासल्याचा लांब आवाज. धुळीत काहीच दिसेना. मी दोरीखालून आत पळाले, एका माणसाने मला मागे ओढलं. "ताई, थांबा! गाड्या येतायत!" किती वेळ गेला असेल? दहा सेकंद, फार तर. मला शाळेची पस्तीस मिनिटांची तासिका गेल्यासारखं वाटलं. दिसत काही नव्हतं, पण त्या धुळीतून आधी भांडण ऐकू आलं. माणसं भांडतायत म्हणजे जिवंत आहेत.

काटा शून्यावर पडताना वहिनीने पाहिला होता आणि इंजिन बंद करायचा लाल खटका ओढला होता. गाडी कडेची फीत तोडून माळात जाऊन थांबली होती. मागची गाडी हातभर अंतराने निसटली.

"घालवलीस!" दादा हेल्मेट आपटत म्हणाला. "शर्यत घालवलीस माझी!"

"हो. घालवली." तिचे ओठ पांढरे पडले होते. "आता चालू करू नकोस. ओढून नेऊ."

तीन दिवस धायरीच्या घरात कुणी कुणाशी बोललं नाही. मला रोज दोघांचे वेगवेगळे फोन येत. चौथ्या दिवशी सकाळी दादाने स्वतःच इंजिनाच्या खालची तेलाची परात सोडवली. मी तिथे होते. त्याने आतून मुख्य दांडा ज्यात फिरतो त्या बेअरिंगची एक अर्धगोल पाळी काढली, फडक्याने पुसली आणि उजेडात धरली. तेलावाचून वरचा करडा थर झिजून गेला होता, खालचं तांबं उघडं पडलं होतं. वहिनी दारात उभी होती, पुढे आली नाही. तांब्याचा रंग तिला तिथूनही ओळखता आला असणार. अजून दोन फेऱ्या झाल्या असत्या तर भर वेगात इंजिन आवळून जागीच अडकलं असतं आणि गाडी कुठे गेली असती कुणास ठाऊक. दादाने ती पाळी बोटांत फिरवली. मग म्हणाला, "चहा टाकतो. आलं आहे का घरात?" आमच्या घरात क्षमा अशीच मागतात. त्यानंतर वहिनीने परातीत आडव्या पट्ट्या जोडून घेतल्या, तेल वळणात पळू नये म्हणून. गाडी पुढची तीन वर्षं पळाली. एकदा तिसरी आली.

हॉस्पिटलमध्ये, जायच्या चार दिवस आधी, दुपारी तिने मला खुर्ची जवळ ओढायला सांगितली. आवाज अगदी खाली गेला होता. "माधू, श्रीकांतला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. कधीपासूनच. मोबाईल कानाशी वाजतो आणि हा पेपर वाचत असतो. माळावर 'कसला आवाज' म्हणाला ना... त्याला खरंच येत नव्हता."

मी थक्क झाले. "आणि तुला तेव्हा माहीत होतं?"

"म्हणून तर बसले ना शेजारी. नाहीतर मी कशाला मरायला बसते?"

"अगं, पण सगळ्यांसमोर बोलणी खाल्लीस. एवढं सांगायचं होतंस."

"त्याच्या मित्रांसमोर? बहिरा म्हणून?" ती दमून थांबली. "त्यानंही खाल्लीच की. हट्टी म्हणून... हट्टी बरं असतं." मग डोळे मिटूनच म्हणाली, "तो गाडी काढेल. तू जा. तुझे कान चांगले आहेत."

मी तिच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं.

गेल्या रविवारी सकाळी दादाने मला धायरीला बोलावलं. दोन महिने गाडी बंद होती. शेडमध्ये गेल्यावर त्याने बॉनेट उघडलं आणि मला तिथे, डाव्या बाजूला उभं केलं. मला वाटलं होतं, त्याला स्वतःच्या कानांचं काही माहीत नसेल. तो आत बसला, किल्लीला हात लावला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "इतके दिवस बंद राहिली की सुरुवातीला वाजतात. तेल वर चढलं की थांबतात. थांबले की बोट वर कर. ती करायची."

इंजिन सुरू झालं. टिकटिक स्पष्ट होती, कोरडी, पत्र्याखाली घुमणारी. दादा माझ्या हाताकडे बघत होता. आवाज हळूहळू बारीक झाला, विरळ झाला, एक-दोनदा परत आला... आणि गेला. मी आणखी थोडी थांबले, खात्री करून घेतली आणि बोट वर केलं. त्याने मान हलवली. पण ॲक्सिलरेटरवरचा पाय लगेच खाली दाबला नाही. इंजिन तसंच संथ चालू ठेवून तो बराच वेळ बसून राहिला आणि मीही हात खाली घेतला नाही.