उसनी डुकरीण

थोआ आजीला शहरातल्या चित्रसंग्रहालयात नेलं ते तिच्या नातीनं, दियेपनं. दियेप कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर तिथं गेली होती आणि एका चित्रापुढे थबकली होती. चित्रातल्या मुलीच्या हनुवटीवर आजीचाच तीळ होता.

"मीच ती," आजी म्हणाली होती. "त्यात बघायचंय काय?" पण नात हट्टाला पेटली, आणि रविवारी दोघी बसनं शहरात आल्या.

खालच्या मजल्यावरचे लाकडी बुद्ध आणि लाखेची चित्रं आजीनं भराभर ओलांडली. वर गेल्यावर काचेमागे, रेशमावर रंगवलेली अठरा वर्षांची थोआ उभी होती. भरलेले गाल, हातात बादली, पायाशी भलीथोरली डुकरीण. खाली पाटी होती, 'सुबत्तेचे दिवस.'

आजीच्या तोंडात कडू पाणी आलं.

"हे गाल माझे नाहीत," ती म्हणाली. "त्या वर्षी आम्ही कसाव्याच्या कंदांत मूठभर तांदूळ शिजवायचो. भाताचं शीत शोधावं लागायचं."

"आणि डुकरीण?"

"तीही आमची नाही. चित्रकार येणार म्हणून गावच्या सहकारी संस्थेच्या प्रमुखानं, खिएमनं, नदीपलीकडच्या गावातून उसनी आणली. एवढी लठ्ठ आमच्याकडे होती कुठं?"

तेवढ्यात संग्रहालयाची एक तरुण मुलगी आठदहा लोकांना घेऊन चित्रापाशी आली. "चित्रकार तीन आठवडे गावात राहिले," ती सांगत होती. "गावकरी जे खातील तेच त्यांनी खाल्लं."

"खाल्लं खरं," आजी मागून म्हणाली. "पण आमच्यातलं नाही. डुकरीणच खाल्ली. त्यानं आणि संस्थेच्या तिघांनी मिळून."

लोक वळले. कुणीतरी हसलं. आजी मात्र थांबली नाही. चित्र पुरं झालं त्या दिवशी खिएमनं डुकरीण संस्थेच्या गोदामामागे कापायला लावली आणि पलीकडच्या गावाला लिहून पाठवलं, नाव उलटली, जनावर बुडालं. शिजवायला थोआलाच बसवलं. कुंपणापाशी गावची पोरं येऊन उभी राहिली. ओरडत नव्हती, नुसती वास घेत होती. आत चित्रकार बोटं चाटत सांगत होता, की खेड्यातल्या माणसाचा साधेपणा शहरात मिळत नाही. त्याच्या हनुवटीवरून चरबी ओघळत होती आणि पुसायचंही त्याच्या ध्यानात नव्हतं.

संग्रहालयाचे साहेब आवाज ऐकून धावत आले. सगळं ऐकून घेतलं आणि गोड हसले. "आजी, केवढं भाग्य आमचं. जरा चित्राशेजारी उभ्या राहा. एक फोटो काढू. हसा थोडं."

"तो चित्रकारही हेच म्हणायचा," आजी म्हणाली. "पोटात काही नसायचं आणि हा म्हणायचा, हस."

"जुन्या गोष्टी, आजी. चित्र किती सुंदर आहे बघा."

"तुम्ही पाटी बदलणार का?"

साहेब घड्याळाकडे बघायला लागले. आजीनं दियेपचा दंड धरला आणि जिना उतरली. बाहेर येऊन ती गटारीत थुंकली, एकदा, दोनदा, आणि झाडाखालच्या बाकावर बसली.

"असली माणसं," दियेप म्हणाली. "किळस येते."

"त्यांची मला सवय झाली," आजी म्हणाली. "किळस येते ती माझी."

दियेप तिच्याशेजारी बसली.

"शेवटी खिएमनं मला वाडगाभर रस्सा दिला. तळाला मांसाचे दोन तुकडे होते. घरी न्यायचा होता. तुझी धाकटी आजी, माझी बहीण मेन, सहा वर्षांची होती, तिला. मी चुलीमागे गेले आणि उभ्या उभ्या सगळा प्यायले. तळ बोटानं पुसून घेतला."

"तिला कळलं नाही ना?"

"घरी गेले तर गळ्यात पडली. म्हणाली, ताई, तुझ्या तोंडाला किती छान वास येतोय. मी म्हणाले, भांडी घासली ना, त्यांचा असेल."