हवेचा परवाना
तारा जोडायला डाख देताना जळणाऱ्या राळेचा वास आला, की मला परंड्यातलं आमचं भाड्याचं घर आठवतं. निजामाचं राज्य होतं आणि तिकडं युरोपात दुसरं महायुद्ध चालू होतं. आमचे हे शाळेत मास्तर होते. त्यांनी तारा गुंडाळून, डाख देऊन स्वतःच्या हातानं एक छोटा रेडिओ बनवला होता. अंगणात दोन बांबूंवर लांब तार बांधली होती, आणि यंत्र कानाला लावलं की दूरच्या बातम्या बारीक आवाजात ऐकू यायच्या. एका दुपारी पोलीस अमीन, म्हणजे ठाण्याचे अधिकारी, दारात आले. "मास्तर, परवान्याची फी भरा, न्हाय तर यंत्र जप्त होईल." हे जागचे उठलेसुद्धा नाहीत. "यंत्र मी बनवलं, कान माझे. सरकारनं यात काय दिलं, म्हणून फी मागतंय?" "हवा सरकारची हाय," अमीन शांतपणे म्हणाले, "आन् तुमची नोकरीबी." ते गेले. दुसऱ्या दिवशी हे शाळेत गेल्यावर मी डोक्यावर पदर घेऊन कचेरीत गेले आणि साठवलेल्या पैशातून फी भरून आले. संध्याकाळी परवाना बघून यांनी विचारलं, "तू भरलीस?" "व्हय. नोकरी गेली असती तर खाल्लं काय असतं?" त्यांनी यंत्र फोडलं आणि अंगणातल्या तारेकडं बोट दाखवून ते म्हणाले, "आता तिच्यावर लुगडी वाळत घाल." पुढं कित्येक दिवस आमच्यात बोलणं नव्हतं. मी चुकले असं मला आजही वाटत नाही. पण त्या अमीनाला मी माफ केलेलं नाही. त्यानं आमच्यात भांडण लावलं, आणि त्या भांडणाची फीसुद्धा माझ्याच हातून घेतली.