उजव्या भिंतीचं जहाज

माझ्या घरात सवत आली ती केबलच्या वायरीतून. बजाजनगरातल्या आमच्या दोन खोल्यांत टीव्ही नवा होता आणि यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, एका इंग्रजी मालिकेचं वेड लागलं होतं. ताऱ्यांमधून फिरणारी जहाजं, त्यांत घट्ट कपडे घातलेली माणसं, आणि सारखं काहीतरी फुटतंय. मला त्यातलं निम्मंच कळायचं. पण एवढ्या मोठ्या जहाजात कुणी धड जेवताना दिसत नाही, हे मला पहिल्याच दिवशी खटकलं होतं.

हे वाळूजच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. दिवसभर यंत्रांच्या भागांचे नकाशे काढायचे आणि घरी येऊन पुन्हा रेघाच ओढायचे, जहाजाच्या. बरं, मालिकेतल्या मुख्य जहाजाच्या नाही. यांचा जीव जडला होता एका रसद नेणाऱ्या जहाजावर. एका भागात ते डोळ्याचं पातं लवेपर्यंत दिसतं, उजव्या अंगाला मार बसून फुटतं, आणि गोष्ट पुढं जाते. त्या जातीच्या जहाजांना नावसुद्धा नव्हतं, नुसता नंबर.

“अहो, एवढी चांगली जहाजं सोडून हेच खटारं का?” मी एकदा विचारलं.

“लढाईच्या जहाजावर समदेच लिहितेत,” हे म्हणाले. “ह्याच्यात माणसं निजायची कुठं, पाणी कुठून प्यायची, हे कुणी सांगतंय का?”

जगात असे लोक बरेच आहेत, हे मला तेव्हा कळलं. सुट्टीच्या दिवशी हे नाक्यावरच्या नेटकॅफेत जाऊन बसत. कुठकुठले लोक इंटरनेटवर अशा कोपऱ्यातल्या जहाजांवरून भांडत. दाराच्या उंचीवरून मजल्याची उंची काढायची, मजल्यावरून जहाजाची लांबी, असं करत करत ते अख्खं जहाज कागदावर उभं करत आणि त्याचं माहितीपुस्तक लिहीत. मालिका काढणाऱ्यांना त्याची खबरही नसायची. यांनी परदेशातल्या कुणीतरी पूर्वी काढलेलं एक स्केच छापून आणलं आणि त्यावरून आपलं पुस्तक मांडलं. नकाशे ट्रेसिंग पेपरवर, सूचना इंग्रजीत. स्वयंपाकघर तेवढं मी सांगून काढून घेतलं. यांनी पाण्याचा नळ शेगडीपासून पार दुसऱ्या टोकाला दाखवला होता.

यांची साखर जुनी होती. ती हळूहळू डोळ्यांत उतरली. शहरातल्या डॉक्टरांनी लेझर केलं, पण नजरेची खात्री देता येत नाही, असंही सांगितलं. परतीच्या बसमध्ये हे एवढंच बोलले, “नजर जायच्या आत पुस्तक व्हायला पायजे.” मला इतका राग आला, की मी खिडकीकडे तोंड करून रडले. नोकरीचं काय, आपलं काय, हे विचारायचं सोडून या माणसाला पुस्तक सुचतंय!

पण त्यानंतर मीच यांचे डोळे झाले. यांनी मालिकेची सीडी आणली होती, ती थांबवून थांबवून मी सांगायची, “इथं तीन खिडक्या आहेत, चौथी जळालेली दिसते,” आणि हे कागदावर नाक टेकवून रेघ ओढायचे. भाकरी तव्यावर असतानासुद्धा हाका यायच्या. सवतीची सेवा म्हणतात ती हीच.

स्केचवरून एक गोष्ट निघाली. जीव वाचवायला बाहेर पडायची दारं जहाजाच्या उजव्या अंगाला येत होती. मार बसतो तोही त्याच अंगाला.

“म्हंजी कुणीच वाचलं नसंल,” हे म्हणाले, आणि त्या दिवशी ताटावरून अर्धवट उठले.

“अहो, पुठ्ठ्याचं जहाज आणि नाटकातली माणसं!” असं मी म्हणाले खरी, पण मलाही ते बरं वाटलं नाही.

तरीही यांनी एक सूचना फार मन लावून लिहिली. मला मराठीत वाचून दाखवली, म्हणून अजून लक्षात आहे. दिवे गेले तर उजवा हात भिंतीला लावून चालत राहा. घाबरू नका. भिंत सोडू नका. दार येतं.

ती सूचना हे घरातच करून बघत. आतल्या खोलीपासून बाहेरच्या दारापर्यंत आमचा एक अरुंद बोळ होता. संध्याकाळी हे डोळे मिटून, उजवा हात भिंतीला लावून त्यातून येरझाऱ्या घालत. मधेच त्याच भिंतीला माझी शिलाई मशीन होती. मी कॉलनीतल्या बायकांचे ब्लाऊज शिवायची, आणि उजेड तिथल्याच खिडकीतून यायचा. यांचा गुडघा रोज मशीनवर आपटायचा.

“जहाजात मशीन नाय ठेवलेली,” हे गुडघा चोळत म्हणायचे.

“मग जहाज बाहेर न्या. मला उजेड इथंच आहे.”

पुस्तक एकदाचं झालं. नेटकॅफेतून पानं स्कॅन करून पाठवली. तोवर यांना उजेड कुठला आणि सावली कुठली एवढंच कळत होतं, आणि नोकरी सुटली होती. मग परदेशातून एका माणसाचं उत्तर आलं. मी ते छापून आणलं आणि अडखळत वाचलं. काम फार सुंदर आहे, पण जहाज आरशात बघितल्यासारखं उलटं झालंय, असं त्यानं लिहिलं होतं.

हे कपाळावर हात मारून हसायलाच लागले. आपल्याकडे कारखान्यात वस्तूची डावी बाजू कागदावर उजवीकडे काढतात. तिकडच्या पद्धतीत डावी बाजू डावीकडेच. जन्मभराच्या सवयीनं यांनी ते परदेशी स्केच आपल्या रीतीनं वाचलं होतं.

“म्हंजी दारं डाव्या अंगाला! साबूत अंगाला!” यांनी माझा हात धरला. “वाचली गं. माणसं वाचली!”

खोटं कशाला सांगू, मलाही भरून आलं. पण लगेच यांचा चेहरा उतरला. सगळे नकाशे पुन्हा काढायचे, आणि तेही या डोळ्यांनी?

मी एक नकाशा घेऊन खिडकीशी गेले. ब्लाऊजच्या दोन बाह्यांना मी मापाचा कागद एकच कापते. पालथा घातला की डावी बाही उजवी होते. आरपार दिसणारा तो ट्रेसिंग पेपर तसाच पालथा केला. दारं आपसूक डावीकडे गेली. उलटी झाली ती फक्त अक्षरं.

“रेघा सरळ झाल्या,” मी म्हणाले. “अक्षरं खोडून मी लिहिते. तुम्ही एकेक सांगा.”

मशीनच्या पाटावर कागद पसरून मी रोज थोडी थोडी अक्षरं लिहीत गेले. हे बाजूला बसून सांगायचे. नकाशे संपले आणि सूचना दुरुस्त करायला घेतल्या, तशी ती अंधाराची सूचना आली.

“इथं राइट खोडून लेफ्ट करू ना?” मी विचारलं.

“व्हय. जहाजातला हात डावा कर.” यांनी बोळाकडे मान वळवली. “आपल्या घरातला उजवाच राहू दे. लई दिवसांपासून पाठ करायलोय.”

माझा पेन तिथंच राहिला. संध्याकाळच्या त्या येरझाऱ्या जहाजासाठी नव्हत्या. बसमधून उतरल्यापासून हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत अंधाराची तयारी करत होता. मला दुःख होऊ नये म्हणून त्यानं जहाजाचं नाव पुढं केलं होतं.

मी पाटावरचे कागद उचलून कपाटात ठेवले आणि मशीन ओढत ओढत डाव्या भिंतीला नेली. फरशीवर तिचे पाय करकरले. यांनी मान वर करून आवाज ऐकला. मग उठले, उजवा हात भिंतीला लावला, आणि कुठंही न अडता दारापर्यंत गेले.