उंबऱ्यावरचे खरे

समोरच्याचे नाव विचारण्याआधी सखाआण्णा त्याच्या खांद्यावर घोंगडे टाकत. साताऱ्यातल्या आमच्या संगणक केंद्रात ते पहिल्यांदा आले तेव्हा चैत्र तापला होता. तरी काखेतले काळे घोंगडे उलगडून त्यांनी माझ्या पाठीवर पसरले. कच्च्या लोकरीचा मेंढवाड्यासारखा उग्र वास, चिंचोक्याच्या खळीचा आंबूस दर्प आणि मानेला झोंबणारे असंख्य बारीक काटे. मी अंग चोरले.

"टोचतंय न्हवं?" ते समाधानाने म्हणाले. "टोचाय पायजेच. कापूस न्हाई त्यो, लोकर हाय."

वडूजच्या घरात, जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून ते मागावर बसत. गावातला तो शेवटचा चालता माग. सैन्यातल्या मुलाने पत्रातून बजावले होते, आता पुरे, गिऱ्हाईक उरलेले नाही, खड्डा बुजवा. आण्णांनी दसऱ्यापर्यंतची मुदत मागून घेतली. तोवर मोठे काम आले तर माग राहील, नाही तर उतरवायचा. वेबसाइट नावाची काही चीज लांबच्या गिऱ्हाइकापर्यंत पोचते, असे कुणीतरी त्यांना सांगितले होते. नव्वदचे दशक सरत होते, आणि केंद्रालाही लोकांना दाखवायला एक नमुना हवा होता. इंग्रजी मजकूर लिहिणे माझ्याकडे आले, कारण मी इंग्रजी कविता शिकलेली.

दर सोमवारी ते एस.टी.ने येत. पडद्यावर त्यांचे छायाचित्र वरून खाली, रेघेरेघेने उतरू लागले की ते निमूट बघत बसत. कपाळ, भुवया, मग बऱ्याच वेळाने मिशा. एकदा म्हणाले, "बाई, इतका येळ दारात उभं केल्यावर गिऱ्हाईक थांबंल व्हय? माझं थोबाड काढा. घोंगड्याचा येक तुकडा ठिवा, बास."

आणखी एक गोष्ट त्यांनी तीन सोमवार सांगितली. "सगळ्यात आदी लिवा, टोचतंय म्हणून. मग लिवा, वापरून वापरून मऊ हुतंय. खरं काय ते उंबऱ्यावरच सांगावं. आत घिऊन सांगितलं की मानसाला फसल्यागत वाटतं."

मी मान डोलावली आणि ते लिहिले नाही. वैगुण्याने आरंभ करणे माझ्या कानाला खडबडीत लागले. मी लिहिले, आईच्या मांडीसारखी मऊ ऊब. आण्णांना इंग्रजी येत नव्हते. "लिवलं न्हवं?" त्यांनी विचारले. "लिहिलं, आण्णा," मी म्हणाले.

श्रावणात बंगळूरच्या एका अतिथिगृहाचा ई-मेल आला. वीस घोंगडी हवी होती. मी अर्थ सांगितला तशी आण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आवं, परत वाचा की." मी परत वाचले. "आनि येकदा." त्या पावसाळ्यात त्यांच्या पत्नी हौसाकाकू लोकर कातत राहिल्या आणि आण्णा विणत राहिले. मी एकदा पाहायला गेले, तेव्हा ओल्या लोकरीच्या वासाने घर भरून गेले होते आणि मागाचा ठोका भिंतीतून हाताला जाणवत होता.

दसऱ्याला आठ दिवस उरले असताना गठ्ठे परत आले. सोबतचे पत्र मी आण्णांना वाचून दाखवले. त्यात एकच तक्रार होती. मऊ म्हणून मागवली, पाहुण्यांना टोचतात.

"मऊ कुणी लिवलं?"

"मी."

परत आलेल्या गठ्ठ्यावर आण्णांनी हात ठेवला. "तुमी चांगलंच कराय गेलासा," ते म्हणाले. "पर बाई, माल खोटा ठरला."

ते पुन्हा कधी सोमवारी आले नाहीत. दसऱ्याला माग उतरवला. त्याच आठवड्यात मी मजकूर पुसून पहिली ओळ लिहिली, हे घोंगडे टोचते. मार्गशीर्षात कफाने छाती भरून आण्णा गेले. ती ओळ मी त्यांना वाचून दाखवायला हवी होती; तेवढे धैर्य मला झाले नाही.

माघात ई-मेलने पत्रे येऊ लागली. टोचणारेच हवे, असे लिहिणारी माणसे होती. दुसरीकडून मऊ घेऊन फसलो, असेही एकाने लिहिले होते. मी ती छापून वडूजला नेली. खड्ड्यात मुरूम भरून वरून शेण सारवले होते. हौसाकाकूंनी सगळी पत्रे ऐकली आणि भिंतीवरच्या लांब फळीकडे बोट केले. ती वीस घोंगडी तिथेच रचून ठेवलेली होती.

"धाडा," त्या म्हणाल्या. "पर आदीच लिवा, इतकीच हायती. इननारा न्हाई."

मी तसे लिहिले. त्यानंतर एकही घोंगडे परत आले नाही. एक गेले की मी पानावरचा आकडा उतरवी. अठरा, अकरा, सात. आमचे केंद्रचालक दुसऱ्या व्यापाऱ्यांना हेच पान उघडून दाखवत आणि म्हणत, वेबसाइट चालते ती अशी.

शेवटचे घोंगडे बांधायला मी गेले तेव्हा हौसाकाकूंनी त्याची स्वतःच घडी केली, सुतळी मी बांधली. रिकाम्या फळीवरून त्यांनी एकदा पदर फिरवला.

"ह्येंच्या हातचं आता घरात काय बी न्हाई," त्या म्हणाल्या, आणि गठ्ठा माझ्याकडे सरकवला.