एकवीस दिवस तोंडाला कुलूप

पोस्टरवर आपलं एकटीचं नाव पाहायला घोगरीला वयाची सत्तेचाळीस वर्षं लागली. घोगरी हे नाव शाळेतल्या बाईंनी ठेवलेलं. प्रार्थनेत तिचा आवाज मुलग्यांच्याही खाली जायचा, म्हणून बाई तिला मागच्या रांगेत उभं करायच्या. नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे ती सोल हे पाश्चात्त्य गाणं गायला लागली तेव्हा तेच नाव कामाला आलं, कारण ते आतडं पिळून गायचं गाणं. तिथं नुसता गोड गळा चालत नाही.

पण गाण्यानं पोट भरलं नाही. दिवसा ती रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची आणि शनिवार-रविवारी दुसऱ्या गायकांच्या मागे उभी राहून साथीला गायची. अशी पंचवीस वर्षं गेली. मग एका छोट्या स्टुडिओत तिनं सात गाणी ध्वनिमुद्रित केली, ती तोंडोतोंडी पसरली आणि नऊ गावांचा दौरा ठरला. पहिल्यांदाच ती मधल्या माइकपाशी उभी राहणार होती. धुलाईघरातल्या बायकांनी तिला निरोप देताना सांगितलं, "मोठी झालीस तरी आमच्या चादरी विसरू नकोस हं." ती म्हणाली, "विसरते कसली? झोपेतसुद्धा घड्या घालते मी."

घरी बाबा होते, धाकट्या बहिणीकडे. ते बस डेपोत वेळनोंदणीला होते, रिटायर होऊन पुष्कळ वर्षं झालेली. आता डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं आणि आठवणीला भोकं पडली होती. माणूस समोर उभा असला तरी ओळख पटायची नाही. आवाज ऐकला की मात्र लगेच नाव घेत. म्हणून दौऱ्यावरून घोगरी रोज चार वाजता फोन करायची. "बाबा, जेवलात का?" एवढंच विचारायची, पण तेवढ्यानं त्यांचा दिवस मार्गी लागायचा.

पहिली दोन गावं झकास गेली. तिसऱ्या गावात, दुसऱ्याच गाण्यात, ती वरचा सूर लावायला गेली आणि तिथं काहीच नव्हतं. नुसती हवा निघाली. ड्रमवर बसणारा ठोक्या तिचा वीस वर्षांपासूनचा सोबती. त्यानं एवढ्या जोरात वाजवायला घेतलं की लोकांना वाटलं, गाणं असंच आहे. तिनं उरलेला कार्यक्रम खालच्या पट्टीत कसाबसा ओढला.

सकाळी घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नाकातून बारीक नळी घातली आणि पडद्यावर दाखवलं. दोन पांढऱ्या तारा, त्यातली एक लालभडक. "स्वरतंतूत रक्तस्राव झालाय. एकवीस दिवस एक शब्द नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानं आणखी बिघडेल. आज गायलात तर पुन्हा कधी गाता येईल याची खात्री मी देत नाही."

दौऱ्याचा व्यवस्थापक वाईट माणूस नव्हता. तो बाकावर डोकं धरून बसला आणि एकेका सभागृहाला फोन लावून कार्यक्रम रद्द करत राहिला. हातातोंडाशी आलेला घास असा गेला. घोगरीनं वहीत लिहिलं, "माझं काही चुकलं का?"

"छे," ठोक्या म्हणाला. "गळा आहे तो, लोखंडी पाइप नाही. आणि पाइपसुद्धा फुटतात की."

त्या दिवशी चार वाजता तिनं घरी फोन लावला. निदान बाबांचा आवाज तरी ऐकू, एवढाच हेतू. धाकटीला तिनं मेसेजवर सगळं कळवलं होतं. तिनं फोन बाबांच्या कानाला लावला.

"बोल गं," बाबा म्हणाले.

"बाबा, घसा बसलाय तिचा. बोलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय," धाकटी मागून म्हणाली.

"बरं, बरं." त्यांनी मान डोलावली. तेवढ्यात विसरलेही. "मग बोलत का नाहीस? रागावलीस?"

घोगरीनं ओठ घट्ट मिटले.

"तुला ते पत्राचं कळलं वाटतं," बाबा म्हणाले. "मीच दडवलं ते. त्या बँडवाल्यांचं. तुला निवडलं होतं त्यांनी, लगेच ये म्हणाले होते. पण तुझी आई अंथरुणाला खिळलेली, धाकटी नऊ वर्षांची. तू गेली असतीस तर मी काय करणार होतो? डेपोत नेलं आणि शेगडीत टाकलं."

बावीस वर्षांची असताना एका बँडला गाऊन दाखवल्यावर तिनं त्या पत्राची तीन महिने वाट पाहिली होती. आपण निवडलेच गेलो नाही, असं समजून तिनं धुलाईघरातली नोकरी धरली होती. आई तीन वर्षांनी गेली, नोकरी राहिली.

आता तोंड उघडलं असतं तर ती काय बोलली असती, ओरडली असती की रडली असती, तिचं तिलाही कळेना. तिनं मनगट दातांत धरलं.

"बोल ना गं. शिव्या दे, पण बोल."

धाकटीनं फोन काढून घेतला. "ताई, शपथ, मला यातलं काही माहीत नव्हतं. काय सांगू त्यांना?"

बऱ्याच वेळानं घोगरीनं मेसेज केला, "सांग, रागावले नाही." ते खरं नव्हतं. धाकटीनं सांगितलं, तर बाबा म्हणाले, "तिला स्वतःला बोलू दे."

सहाव्या दिवशी ती घरी पोचली. बाबा खिडकीपाशी खुर्चीत होते. ती शेजारी बसली, त्यांचा हात हातात घेतला.

"कोण? नर्सबाई का?" बाबांनी विचारलं. तिनं त्यांचा हात दाबला. ओळख पटायला आवाज हवा होता, तोच नव्हता. "बाई, तुम्हाला मुलगी आहे का? माझी मोठी गाते. गावोगावी फिरतेय सध्या. माझ्याशी बोलत नाही हो."

पंधरा दिवस ती त्यांना भरवत होती, नखं कापत होती, आणि ते तिच्यापाशीच तिचं गाऱ्हाणं सांगत होते. धाकटी रोज म्हणायची, "बाबा, अहो हीच ती!" ते हसायचे. "चेष्टा करतेस म्हाताऱ्याची."

बाविसाव्या दिवशी इथल्या घशाच्या डॉक्टरांनी तपासून पाच मिनिटं बोलायची परवानगी दिली. ती थेट घरी आली. "बाबा, मी आलेय."

बाबांचा चेहरा उजळला. "आलीस? गाडीला उशीर झाला का?"

"बाबा, ते पत्र..."

"कुठलं पत्र गं?"

तिनं पुन्हा विचारलं. बँड, डेपो, शेगडी, सगळं सांगून पाहिलं. बाबा नम्रपणे ऐकत राहिले, एखाद्या परक्याच्या घरची हकिकत ऐकावी तसे. पाच मिनिटं संपली. माफ करायला किंवा भांडायला जो माणूस हवा होता, तो खुर्चीत नव्हताच.

चार महिन्यांनी उरलेल्या सहांपैकी चार गावांनी पुन्हा तारखा दिल्या. वरचे दोन सूर परत आले नाहीत. ठोक्यानं आणि तिनं बसून सगळी गाणी खालच्या पट्टीत बसवली. पहिल्या गावात अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. कार्यक्रमाच्या आधी तिनं घरी फोन केला.

"कुठे निघालीस?" बाबांनी विचारलं.

"गायला, बाबा."

"आज नको जाऊस गं. आईला बरं नाही."

आईला जाऊन बावीस वर्षं झाली होती.

"बरं," ती म्हणाली. "नाही जात."

"शहाणी माझी ती."

फोन ठेवून ती थोडा वेळ भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बाहेर मंचावर ठोक्या गाण्याआधीचे ठोके मोजत होता. मग पदर खोचून ती मधल्या माइकपाशी गेली.